जकातमाफीचा कागद

माझ्या साळ्याचे, बायकोच्या भावाचे, पुढचे दोन दात मी पाडले, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. लग्नाच्या मांडवात अजूनही कोणीतरी तो विषय काढतो आणि माझ्याकडे बघत हसतो. कशासाठी पाडले, हे मात्र खुद्द त्याच्याशिवाय आजवर एकानेही विचारलेलं नाही. म्हणून लिहितो. माफी मागण्यासाठी लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही पवनी तालुक्यातले कोसा विणणारे. कोसा म्हणजे रानातल्या ऐनाच्या झाडावर वाढणाऱ्या किड्याचं रेशीम. बायका कोश उकळतात, लुगडं वर खोचून उघड्या मांडीवर धागा वळतात. आधी कातडी सोलते, मग तिथे घट्टा पडतो. माझ्या आईच्या मांडीवर तो तळहाताएवढा होता आणि पावसाळ्यात त्यातून रक्त यायचं. बाप माग चालवायचा. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायाने पावड्या दाबायच्या, हाताने धोटा इकडून तिकडे फेकायचा. धागा तुटला की बाप त्याच धोट्याने माझ्या डोक्यात मारायचा. धोट्याच्या दोन्ही टोकांना लोखंड असतं. डाव्या कानाच्या वर केस येत नाहीत ती जागा त्याचीच.

चौदाव्या वर्षी एका दुपारी मी धोटा त्याच्या हातातून हिसकावला आणि त्याच्या मनगटावर हाणला. तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, "आता तूच वीण." मी खड्ड्यातून बाहेर आलो आणि ठरवलं, पुन्हा कधी यात उतरणार नाही. विणणाऱ्याला भाव कळत नाही आणि भाव ज्याला कळतो तो विणत नाही, एवढं मला तेव्हाच समजलं होतं.

मग सायकलवर कापड बांधून अड्याळच्या बाजारात बसायला लागलो. पहिल्या वर्षी एक दलाल कापड मोजताना दर गजामागे अंगठ्याएवढं कापड आत ओढायचा. तीन बाजार मी नुसतं पाहिलं. चौथ्या बाजारात त्याचा अंगठा त्याच्याच लोखंडी गजाखाली धरला आणि गजावर गुडघा ठेवून बसलो. नख निघालं. लोक धावले, पण मला ओढण्याआधी मागच्या तीन बाजारांत त्याने चोरलेलं कापडही नीट मोजून झालं होतं. त्यानंतर माझं कापड कोणी कमी मोजलं नाही. मला लोक रागीट म्हणतात. मी म्हणतो, माझा राग कधी फुकट गेला नाही. एकदाच गेला, आणि तीच ही हकीकत.

आणीबाणी उठली त्या सुमाराला माझ्या बायकोच्या भावाकडे, म्हणजे साळ्याकडे, नऊ माग चालत होते. चार त्याच्या घरच्या छपरीत, पाच शेजारच्या आळीत. विणकर म्हणून त्याच्या तोडीचा माणूस मी पाहिला नाही. त्याने विणलेल्या कापडावर डोळे मिटून हात फिरवला तर गाठ लागायची नाही. त्याचं सगळं कापड मी घ्यायचो आणि मुंबईच्या एका शेठला द्यायचो. शेठ ते युरोपात पाठवायचा.

त्या वर्षी शेठने मला मुंबईला बोलावून घेतलं आणि एक नवीन गोष्ट सांगितली. परदेशात माल उतरला की तिथलं सरकार त्यावर जकात घेतं. पण आपला देश गरीब, विकसनशील, म्हणून आपल्या हातमागाच्या कापडावर ती जकात माफ करायचं त्यांनी ठरवलं होतं. अट एवढीच की कापड खरंच हाताने विणलेलं असलं पाहिजे, धागा इथलाच असला पाहिजे, आणि सरकारी साहेबाने माग डोळ्यांनी बघून तसा कागद दिला पाहिजे.

मी विचारलं, "बदल्यात त्यांना काय पाहिजे?"

"काही नाही. हीच तर गंमत आहे. आपण त्यांच्या मालावर जकात ठेवली तरी चालते. एकतर्फी सवलत आहे."

मला ते पटलं नाही. मी आयुष्यभर सौदे केले. समोरचा जेव्हा काहीच मागत नाही तेव्हा मी आधी माझा खिसा चाचपतो. ज्याने न मागता दिलं तो न विचारता काढूनही घेणार. पण ते पुढचं पुढे. मी दुसरा प्रश्न विचारला. "जकात वाचली तर ती वाचते कोणाची?"

"तिकडच्या व्यापाऱ्याची."

"आणि तो तुम्हाला भाव वाढवून देणार."

शेठ हसला. "थोडासा."

"मग मलाही वाढवा."

तो म्हणाला की तुमचा काय संबंध, तुम्ही नुसतं कापड द्या. मी त्याच्या टेबलावरचं काचेचं वजन उचललं. फेकणार नव्हतो, पण ते त्याला माहीत नव्हतं. म्हटलं, "गरीब देश म्हणजे कोण? तुम्ही का? ही गादी, हा पंखा, हा टेलिफोन गरीब देश आहे का? जकात माफ होते ती माझ्या साळ्याच्या खड्ड्याकडे बघून." वाढीव भावाच्या अर्ध्यापासून बोलणी सुरू झाली, चौथ्या हिश्श्यावर मिटली. वजन खाली ठेवलं. शेठने चहा मागवला.

गाडीत बसल्यावर मी एक निर्णय घेतला, आणि पुढचं सगळं त्या निर्णयातून झालं. विणकरांना यातलं काहीच सांगायचं नाही असं मी ठरवलं. सांगितलं असतं तर साळाही तेच बोलला असता जे मी शेठला बोललो. मग चौथ्या हिश्श्याचे आणखी हिस्से झाले असते. म्हणून गावी येऊन एवढंच सांगितलं की मोठे साहेब माग बघायला येणार आहेत, त्यांच्या सहीवर पुढचं काम अवलंबून आहे. सही झाली तर नऊचे वीस माग होतील. नाही झाली तर शेठ दुसऱ्या गावाकडून कापड घेईल आणि नऊचेही चालायचे नाहीत.

साळ्याने विचारलं, "भाटवे, साहेब काय पाहाते?" बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवा म्हणतात.

"मागच पाहील, दुसरं काय?"

"म्हंजे चांगलं दिसलं पाहिजे."

"हो," मी म्हणालो. इथे मी चुकलो, असं बायको म्हणते. मी म्हणतो, चांगलं दिसणं आणि शहाणपणा सोडणं यात फरक आहे.

आमच्याकडे साहेब येतात ते कशाला, हे विणकरांना सहकारी सोसायटीमुळे ठाऊक होतं. सोसायटीचा साहेब यायचा आणि ज्याची प्रगती दिसेल त्याला सूत द्यायचा. ज्याचा माग मोडका, ज्याच्या घरात उजेड नाही, त्याला म्हणायचा, याला देऊन काय उपयोग. म्हणून साहेब यायचा म्हटलं की शेजाऱ्याचं घड्याळ मनगटावर चढायचं, कोणाचा तरी रेडिओ आणून कोनाड्यात ठेवला जायचा. मुलगी दाखवताना करतात तसंच.

ठरलेल्या दिवशी मी भंडाऱ्याहून साहेबाला जीपमध्ये घेऊन निघालो. साहेब बारीक अंगाचा, पुण्याकडचा, शांत माणूस होता. वाटेत धानाची शेतं बघत मला म्हणाला, "हे काम नीट झालं पाहिजे. मागच्या महिन्यात एका ठिकाणी यंत्रमागाचं कापड हातमागाचं म्हणून दाखवलं. तिकडे पकडलं गेलं तर सगळ्या देशाची सवलत जाते."

मी म्हणालो, "आमच्याकडे यंत्र शोधून सापडणार नाही, साहेब."

जीप आळीत शिरली तेव्हा आवाज ऐकू आला. घर्र घर्र, धानाच्या गिरणीसारखा. मला वाटलं, गिरणीच असेल. मग पाहिलं की आवाज साळ्याच्या छपरीतून येतोय.

छपरीला नवा चुना दिला होता. दारात रांगोळी. आत पहिल्या मागाशेजारी एक मोठी मोटर मांडून ठेवली होती, तिला हळदकुंकू लावलं होतं, झेंडूचा हार घातला होता, आणि ती फिरत होती. तिचा पट्टा मागाच्या लाकडावर नुसता सैल टाकला होता. मागाचा एकही भाग त्याने हलत नव्हता. करडी गावच्या एका नातेवाइकाच्या धानगिरणीतली जुनी मोटर साळ्याने दोन दिवसांसाठी बैलगाडीतून आणली होती. बाजूला तो धुतलेला सदरा घालून हात जोडून उभा.

"हे काय आहे?" साहेबाने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत साळा बोलला. "मोटर हाय साहेब! इकडं पाहा. आता मागावर वीज आणून राहिलो आम्ही."

"या मागावर?"

"सगळ्याइवर! पुढच्या साली सगळ्याइले मोटर लावतो, साहेब. हातानं कोन विनते आता?"

आळीतले विणकर खिडकीतून माना डोलावत होते. एक म्हातारा मागून म्हणाला, "आम्ही काही मागासले नाही, साहेब." साहेबाने माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. वाईट वाटल्यासारखं, आणि तेच मला सहन झालं नाही. त्याने फाईल बंद केली, पाणीसुद्धा न पिता जीपकडे गेला. मी मागे धावलो, सांगायला लागलो की मोटर उसनी आहे, दिखाव्याची आहे. तो म्हणाला, "हे मी कसं मानू? त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं." जीप गेली.

मी परत छपरीत आलो. मोटर फिरतच होती. साळा हसत म्हणाला, "कसं दिसलं, भाटवे?"

मी मागावरचा धोटा उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला.

आवाज मला अजून आठवतो, ओलं लाकूड फुटल्यासारखा. तो मागे कोलमडला आणि खड्ड्यात पडला. मी वरून त्याच्यावर उडी घेतली. छातीवर गुडघा ठेवून पुन्हा मारलं, खांद्यावर, मानेवर. मागावरच्या फिकट उभ्या धाग्यांवर, ताण्यावर, रक्ताचे शिंतोडे उडाले. त्याच्या बायकोने माझे केस धरले. मग विणकर आत घुसले. एकाने मागाची आडवी लाकडी तुळई माझ्या पाठीत घातली, दुसऱ्याने तोंड मातीत दाबलं. मी हातात सापडेल ते चावत होतो. कोणाच्या तरी हाताचा मांसाचा तुकडा तोंडात आला. कोणीतरी मोटरच्या पट्ट्याला अडकून पडलं आणि त्याच्या बोटांची कातडी गेली. शेवटी पाच जणांनी मला उचलून आळीतल्या शेणाच्या खड्ड्यात फेकलं.

साळ्याला बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. ओठाला टाके पडले. दोन दात छपरीच्या मातीत सापडले आणि त्याच्या आईने ते फडक्यात बांधून ठेवले. पोलीस आले, पण त्याने तक्रार दिली नाही. माझ्या बायकोने त्याचे पाय धरले होते.

आठवड्याने तो अंगणात येऊन उभा राहिला. सुजलेल्या तोंडाने शब्द नीट निघत नव्हते. "मले एवढंच सांगा, कायले मारलं?"

तेव्हा मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. जकात, माफी, गरीब देश, हातमाग, कागद, सगळं. चौथा हिस्सा सोडून.

तो तुम्हीवरून तूवर आला. "म्हंजे तू आमची गरिबी विकून राहिला होता?"

"मी तुझं कापड विकत होतो."

"कापड चांगलं हाय म्हनून घे म्हना त्याइले. मी भिकारी हाओ म्हनून कायले घेते?"

"चांगलं कापड चीनमध्येही होतं, जपानमध्येही होतं. तुझ्या खड्ड्यामुळे जकात माफ होते म्हणून तुझं तिकडे स्वस्त पडतं. शहाण्या माणसाने फायदा घ्यावा, अब्रू काय घेऊन बसलास?"

"अब्रू तुही नाही गेली. तू त खड्ड्यात बसत नाही." तो थुंकला, थुंकीत लाल होतं, आणि निघून गेला.

पंधरा दिवसांत शेठचं पत्र आलं. साहेबाला समजावलं आहे, तो पुन्हा एकदा येईल, शेवटची संधी. जहाजाची तारीख ठरली आहे. मागांवर कापड चढलेलंच होतं, महिनाभराचं काम बाकी. मोटर करडीला परत गेली होती. पण साळा मागाला हात लावत नव्हता आणि तो बसला नाही म्हणून बाकीचेही बसत नव्हते.

मी त्याच्याकडे गेलो. ज्याला मारलं त्याच्या दारात जाणं म्हणजे काय, ते ज्याने केलं त्यालाच कळतं. त्याने मला ओट्याखाली उभं ठेवलं आणि म्हणाला, "साहेब येईल त्या दिवशी मागावर तू बसशील. त्याच्यासमोर विनशील. मंग बाकीचे बसतीन."

"मला येत नाही आता."

"तुह्या बापानं शिकवलं ना? येते. डोक्यात घालून शिकवलं त्यानं."

मी चौदाव्या वर्षानंतर कधी खड्ड्यात पाय टाकला नव्हता. त्याला ते माहीत होतं, गावाला माहीत होतं. मी भाव करून पाहिला. दर वाढवतो म्हणालो. दवाखान्याचा खर्च देतो म्हणालो. तो मान हलवत राहिला. आयुष्यात एकदाच समोरच्याची किंमत मी पहिल्या बोलीत मान्य केली.

साहेब आला त्या दिवशी मी सदरा काढून खड्ड्यात उतरलो. सगळी आळी भिंतीला टेकून बघत होती. पहिला धोटा फेकला तो पलीकडे जाऊन भिंतीवर आपटला आणि बायका हसल्या. दुसऱ्या वेळी धागा तुटला. पाय चुकीची पावडी दाबत होते. कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता आणि कोणी मागून म्हणालं, "सैल सोडा बापा, हात सैल सोडा." हळूहळू लय आली. एक वीत कापड झालं असेल. वाकडं, गाठींचं, कडेला सैल. साळा उभा राहून बघत होता.

साहेब म्हणाला, "माग हातमाग आहे, दिसतंय. पण मागच्या वेळचं मी विसरू कसं? आणि धागा? बाहेरून मशीनवर वळलेला आणला तर मला कळणार कसं?"

हा प्रश्न माझ्या ध्यानात आला नव्हता. शिक्का त्याच्या पेटीत होता, पेटी त्याच्या हातात होती, आणि तो पुन्हा उठून जाणार असं मला दिसलं. साळ्याची बायको माझ्याशेजारी उभी होती. मी खड्ड्यातून वर आलो, तिचा दंड धरला आणि म्हणालो, "मांडी दाखव."

तिने लुगडं घट्ट धरलं.

"साहेबाला घट्टा दाखव. धागा कुठून येतो ते दाखव." ती मागे सरकली. मी तिच्या लुगड्याचा काठ धरला आणि गुडघ्याच्या वर ओढला. घट्टा होता. फुटलेला, चिघळलेला. "हे बघा, साहेब! ही मशीन आहे आमची! मोटरचं म्हणाल तर हे लोक अडाणी आहेत, उपाशी आहेत. दुसऱ्याची उसनी आणून तुम्हाला दाखवली. यांच्या घरात पणतीपुरतं तेल नाही आणि मोटर कुठून येणार?"

साहेबाने मान दुसरीकडे वळवली. "झाकून घ्या हो, झाकून घ्या," एवढंच म्हणाला. मग तिथेच खाटेवर पेटी उघडून त्याने कागद भरले. विणकराचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा, मागावर विणताना त्याने मलाच पाहिलं होतं म्हणून माझंच नाव लिहिलं. शिक्के मारले. जीपमध्ये बसताना हळूच मला म्हणाला, "एक सांगतो. यावर फार विसंबू नका. तुमचं कापड तिकडे जास्त विकलं जायला लागलं की ते म्हणतील, आता तुम्हाला गरज नाही. द्यायचं त्यांच्या हातात आहे, थांबवायचंही त्यांच्याच." मला ते आधीच कळलेलं होतं. मी हो म्हणालो आणि हातातल्या कागदाची शाई वाळायची वाट बघत राहिलो.

जीप वळणापलीकडे गेली. साळा घरात गेला आणि धान कापायचा इळा घेऊन बाहेर आला. मला वाटलं, माझ्यावर येतोय. मी दार अडवायचा लाकडी अडसर उचलला. पण तो माझ्याकडे न बघता मागाजवळ गेला आणि ताणा मधोमध कापला.

ताणलेले हजारो धागे एकदम सुटले की चाबकासारखा आवाज होतो. माझ्या हातची वीतभर वीण खाली लोंबली. तो दुसऱ्या मागाकडे गेला. तोही कापला. तिसरा. चौथा. मग आळीतल्या छपरीत शिरला. बाकीच्या विणकरांनी त्याला अडवलं नाही. एक एक जण आपापल्या मागासमोरून बाजूला झाला. म्हातारा तर स्वतःच आपला ताणा ताणून धरून उभा राहिला, कापायला सोपा जावा म्हणून.

मी धावलो. नवव्या मागापाशी त्याला गाठलं आणि अडसर उचलला. अडसर खाली आलाच नाही. माझ्या मनगटावर काहीतरी बसलं आणि हाड मोडल्याचा आवाज मी माझ्याच कानांनी ऐकला. माझी बायको मागे उभी होती. हातात धाग्याच्या कांड्या भरायच्या रहाटाचा दांडा होता.

"आता माह्या भावाले हात लावान," ती म्हणाली, "त दुसराही मोडीन."

साळा नववा ताणा कापून वळला. धापा टाकत म्हणाला, "कागद भेटला ना तुले? मंग कागद पाठव जहाजात."

मोडका हात गळ्यात बांधून मी मुंबईला गेलो. कागद होता, कापड नव्हतं. शेठला सांगितलं तेव्हा तो रागावेल असं वाटलं होतं. तो रागावला नाही. त्याने कागद उजेडात धरून शिक्के नीट बघितले. मग म्हणाला, "कापडाची काळजी नका करू. कापड बाजारात मिळतं. हा मिळत नाही. ठेवून जा."

मला समजलं. तो काय करणार, कुठल्या यंत्रमागाचं कापड माझ्या नावाखाली जाणार, तिकडे कोण ते हाताने विणलेलं म्हणून अंगावर घालणार. एक क्षण असा होता की मी कागद फाडला असता. डावा हात मोकळा होता. पण मी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "काय देता?"

तासभर चाललं. शेवटी जो भाव मी घेतला तो नऊ मागांच्या वर्षभराच्या कापडापेक्षा जास्त होता. एवढा चांगला सौदा मी आधीही केला नव्हता, नंतरही नाही.

ही गोष्ट गावात कशी पोचली ते मला माहीत नाही. बायकोला मी सांगितलं होतं, एवढं खरं. पुढच्या बाजाराच्या दिवशी अड्याळला मी दुकान मांडलं होतं. साळा आणि त्याच्याबरोबर आठ जण आले. कापडाचे गठ्ठे लाथांनी उधळले, मला चिखलात पाडलं आणि वेळूच्या काठ्यांनी मारायला लागले. मोडका हात कोणीतरी मुद्दाम पायाखाली घेतला. डोळ्यांत रक्त आलं म्हणून मला फक्त पाय दिसत होते. सगळा बाजार उभा राहून बघत होता. ज्या दलालाचं नख मी काढलं होतं तोही त्यात असेल.

मधेच काठ्या थांबल्या. साळा वाकला आणि माझे केस धरून मान वर केली. "सांग. आमच्या मागाच्या नावावर कोनाचं कापड गेलं?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

त्याला वाटलं मी लपवतोय. पुन्हा मारलं. पण ते खरं होतं. ते कापड मी पाहिलं नाही, हाताने चाचपलं नाही, कुठे विणलं गेलं ते विचारलंही नाही. विणकर म्हणून त्यावर माझं नाव होतं. आणि मला मारणाऱ्यांचं कापड त्यात नव्हतंच, कारण आपलं कापड त्यांनी स्वतःच मागावर कापून टाकलं होतं. हे मी त्यांना ओरडून सांगितलं, तोंडात चिखल असताना. त्यांनी ऐकलं नाही.

कागदाच्या पैशांतला एक पैसा मी त्यांच्यापैकी कोणाला दिला नाही. दिला असता, जर कोणी मागितला असता. साळ्याने कापड चांगलं आहे म्हणून घ्या म्हटलं, गरिबी विकू नका म्हटलं, पण माझा हिस्सा किती, हा प्रश्न त्याने एकदाही विचारला नाही. नऊ मागांचा मालक आणि भाव विचारत नाही. त्या माराची मीही तक्रार दिली नाही. दवाखान्यात पडून होतो तेव्हा शेठचं पत्र आलं. दुसरा कागद मिळेल का, असं त्यात विचारलं होतं. डाव्या हाताने मी उत्तर लिहिलं आणि आधीपेक्षा जास्त भाव मागितला.